भावाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस निघालाय, रोजची दुखण्याची गोळी चालू ठेवावी का?

तेरणाकाठ
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाबद्दल विचारायचंय. वय २६, औसा तालुक्यात आमचं गाव, घरची शेती बघून तो खता-बियाण्याचं दुकान चालवतो. तीन-चार वर्षांपासून त्याची कंबर दुखायलीय. पहाटे तीन-चारला दुखण्यानं जाग येते, उठून ओसरीत फेऱ्या मारतो तेव्हा कुठं परत डोळा लागतो. सकाळी अंथरुणातून उठून सरळ व्हायला पाऊण तास, आणि दहा-अकरा वाजले की गडी एकदम बरा, पोती उचलतो. त्यामुळं घरात सगळ्यांना वाटायचं की सकाळच्या कामाचा कंटाळा करतोय. एका ठिकाणी मणक्यात गॅप सांगितला, पट्टा दिला, ट्रॅक्शन झालं, पंधरा दिवस पूर्ण आराम सांगितला आणि आरामात दुखणं अजून वाढलं.

शेवटी पुण्यात संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा सूज येणारा संधिवात, सांगितलाय. एचएलए बी२७ (या आजाराशी संबंधित जनुक) पॉझिटिव्ह, एमआरआयमध्ये दोन्ही एसआय जॉइंटला, म्हणजे कंबरेखालच्या सांध्यांना, सूज. सध्या नॅप्रोक्सेन रोज दोन वेळा जेवणानंतर, सोबत पोटाची गोळी आणि व्यायाम. महिन्यानं परत बोलावलंय, पुरेसा फरक नाही पडला तर इंजेक्शनचा विचार करू म्हणाले.

गोळीनं फरक पडायलाय, रात्रीची झोप लागायलीय. पण आत्या, शेजारी, मेडिकलवाला सगळे एकच म्हणायलेत की रोज पेनकिलर खाल्ली तर किडन्या जातात. त्यानं घाबरून चार दिवस बंद केली तर परत पहिल्यासारखं. इथं कुणी हा आजार घेऊन राहतंय का? गोळी किती दिवस घेता, काय काळजी घेता? आणि इंजेक्शन घेणारं कुणी असेल तर मराठवाड्यात राहून ते कसं जमवता तेही सांगा, दर वेळी पुण्याला जाणं परवडत नाही.

खामनदी
ताई, आधी हे सांगतो की गोळी आपल्या मनानं बंद करू देऊ नका. मला हा आजार पंधराएक वर्षांपासून आहे, संभाजीनगरला बँकेत नोकरी करतो.

साध्या कंबरदुखीत ही गोळी नुसतं दुखणं दाबते. आपल्या आजारात ती सांध्याची सूज उतरवते, म्हणून इथं तिला पहिल्या औषधाचा मान आहे. पूर्ण डोसमध्ये दोन ते चार आठवडे एक गोळी घेऊन बघायची, नाही लागू पडली तर दुसरी, आणि दोन्हींनी काम भागलं नाही तरच इंजेक्शनचा विषय निघतो. भावानं चार दिवस घेतली, चार दिवस सोडली असं केलं तर डॉक्टरांना ती लागू पडली की नाही हे कळणारच नाही.

किडनीची भीती खोटी नाही, पण ती तपासता येते. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), लघवी, हिमोग्लोबिन, बीपी सुरुवातीला बघायचं आणि मग डॉक्टर सांगतील तसं दर तीन-सहा महिन्यांनी. तरुण माणूस, किडनी चांगली, बीपी-शुगर नाही, तर धोका कमीच असतो. तो वाढतो एकावर एक गोळ्या घेतल्यानं. म्हणजे घरी नॅप्रोक्सेन चालू आणि एखाद्या दिवशी जास्त दुखलं म्हणून गावात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, वरून मेडिकलची अजून एक गोळी. हे अजिबात नको. शौचाला काळं झालं, पायावर सूज आली, लघवी कमी झाली तर थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. आणि जन्मभर रोज घ्यावी लागते असंही नाही, सूज शांत झाली की डॉक्टर कमी करतात. मी आता लागेल तेव्हाच घेतो.

कंडक्टर_काका
ताई तुमच्या भावाचं वाचून मला माझंच वाचल्यासारखं झालं बगा. एसटीत हाय मी, उदगीर डेपो. बसून बसून कंबर अशी धरायची की टर्मिनसला उतरताना दांडी धरून उतरायचो, अन् चार पावलं चाललं की मोकळं. लोकं म्हणायची गादी सरकली. एमआरआय काढला तर त्यात पण गादीच निघाली, एल फोर एल फाइव्ह. त्याच्यावरच दोन-अडीच वर्षं गेली.

खामनदी
काका, हीच तर सगळ्यांची गोम आहे. कंबरेचा एमआरआय काढला की तिशी-चाळिशीतल्या कितीतरी माणसांत गादीचा थोडाफार फुगवटा दिसतोच, दुखणं असो नसो. आपला आजार सुरू होतो तो कंबरेच्या खाली, पाठीवर दोन खळगे पडतात ना त्याच्या आतल्या एसआय जॉइंटमध्ये. तिथला एमआरआय वेगळा सांगावा लागतो, आणि त्यात स्टर सिक्वेन्स नावाचा फोटोचा प्रकार हवा, त्यात हाडातली सूज पांढरी दिसते. साध्या एक्सरेत फरक दिसायला कित्येक वर्षं जातात. ईएसआर-सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचं नॉर्मल आलं म्हणूनही आजार नाही असं नसतं, कित्येकांचं नॉर्मलच येतं. निदानाला सात-आठ वर्षं उशीर होणं या आजारात जगभर चालतं, त्या मानानं ताईंचा भाऊ लवकर सापडला.

आणि मानेचा जो स्पॉन्डिलोसिस लोक म्हणतात ती वयाची झीज, तो वेगळा. नातेवाईक दोन्ही एकच समजून सल्ले देतात.

सीताफळ_बीड
माझ्या मते इतक्या कमी वयात रोज ॲलोपॅथी घेण्यापेक्षा आयुर्वेदात जावं. आमच्याकडं एकाला पंचकर्मानं आणि बस्तीनं चांगला आराम पडला. वातूळ खाणं बंद, दही बंद, हरभरा डाळ बंद, रात्री गरम पाण्याचा शेक.

मोसंबी_जालना
सीताफळ दादा, शेक-तेल ठीक, त्यानं बरं वाटतं आणि कुणाचं नुकसान होत नाही. पण आराम पडणं वेगळं आणि आतली सूज थांबणं वेगळं. सूज वर्षानुवर्षं तशीच राहिली तर शरीर तिथं नवीन हाड घालतं, मणके एकमेकांना जुळतात, आणि एकदा जुळले की कुठलंच औषध ते उलगडत नाही. एक्सरेत त्याला बांबू स्पाइनच म्हणतात. सगळ्यांचं तिथपर्यंत जात नाही, पण वेळ फुकट घालवू नये.

आमच्या वडिलांचं सांगते, म्हणजे कुणी त्या वाटेला जाणार नाही. त्यांनाही हाच त्रास. एका गावी वातावर पुड्या देणारा होता, लांबून लोक यायचे. पहिल्या आठवड्यात वडील पळायला लागले, घरात सगळे खूष. वर्षभरात चेहरा गोल सुजला, पोट सुटलं, हात-पाय बारीक झाले, कातडी जरा लागलं की काळीनिळी, आणि शुगर निघाली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी लक्षणं बघून सांगितलं की पुडीत स्टिरॉइड होतं. वाईट हे की ती एका दिवसात बंदही करता येत नव्हती, शरीराला सवय लागलेली असते, एकदम सोडलं तर बीपी पडून माणूस दगावू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत आणावी लागली. या आजारात मणक्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या तज्ज्ञ देतही नाहीत. ज्या पुडीवर औषधाचं नाव लिहिलेलं नाही ती घरात येऊ देऊ नका ताई, हात जोडून सांगते.

सीताफळ_बीड
पुड्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, मी शिकलेल्या वैद्यांबद्दल बोलत होतो. वडील आता कसे आहेत?

मोसंबी_जालना
चालतात-फिरतात, शुगरची गोळी चालू आहे. मान मात्र वळत नाही, मागून हाक मारली की सगळं अंग फिरवून बघतात.

गोदाकाठचा
मला सल्फासॅलाझिन ही गोळी दिलीय आणि चांगला फरक आहे. तुमच्या भावाला का नाही दिली? इंजेक्शनच्या आधी ती देऊन बघायला पाहिजे ना, स्वस्त पण आहे.

खामनदी
गोदाकाठचा, तुमचे हातपायाचे सांधे सुजायचे का?

गोदाकाठचा
हाव, घोटा सुजायचा अन् डावा गुडघा. टाच तर अशी दुखायची की सकाळी पाय टेकवत नव्हता.

खामनदी
म्हणून तुम्हाला लागू पडली. गुडघे-घोटे सुजतात त्यांना ती देतात, नुसत्या कंबर-मणक्याच्या दुखण्यावर तिचा उपयोग होत नाही. मेथोट्रेक्सेटचंही तसंच, हातांच्या संधिवातात ते मोठं औषध आहे पण मणक्यावर चालत नाही. टाच दुखणं मात्र याच आजाराचा भाग, स्नायूची दोरी हाडाला जिथं चिकटते तिथं सूज येते.

पशुवैद्य_हिंगोली
एक महत्त्वाचं राहायलंय. ज्यांचं अजून निदान झालेलं नाही आणि जे हा धागा वाचून आपलंही हेच असं ठरवतील त्यांच्यासाठी लिहितो. आपल्या भागात कंबरेचं आणि एसआय जॉइंटचं दुखणं आणखी दोन गोष्टींनी होतं, टीबी आणि ब्रुसेला. ब्रुसेला जनावरांकडून येतो. गाय-म्हैस-शेळी गाभडली, वार काढताना उघडा हात घातला, किंवा कच्चं दूध पिण्यात आलं की माणसाला लागतो. येऊन-जाऊन ताप, घाम, गळून जाणं, सांधे दुखणं, आणि बऱ्याचदा एका बाजूचा एसआय जॉइंट धरतो. त्याला अँटिबायोटिकचा लांब कोर्स लागतो. मणक्याच्या टीबीत वजन घटतं, संध्याकाळी ताप येतो, एका ठरावीक जागी दुखतं. घरी जनावरं असतील तर डॉक्टरांना आपणहून सांगा, शहरातल्या डॉक्टरांच्या डोक्यात दर वेळी ते येईलच असं नाही. आणि दूध उकळूनच प्या, जनावर व्यायला लागलं की हातमोजे घाला.

तेरणाकाठ
पशुवैद्य दादा, आमच्याकडं दोन म्हशी आहेत पण डॉक्टरांनी ते विचारलं होतं आणि तपासणी निगेटिव्ह आलीय. छातीचा एक्सरेही काढलाय. सगळ्यांचे मनापासून आभार, भावाला सगळं वाचून दाखवायलेय.

हुरडा_आणि_दही
क्रिकेटवाले कुणी आहेत का इथं? १९९५ च्या डिसेंबरात जोहान्सबर्ग कसोटीत माइक आथर्टननं पावणेअकरा तास बॅटिंग करून नाबाद १८५ काढले आणि इंग्लंडची मॅच वाचवली. त्या माणसाला हाच आजार. ताई, भावाला सांगा डोनाल्ड-पोलॉकसारख्या वेगवान बॉलरसमोर माणूस हा आजार घेऊन दोन दिवस उभा राहतो, खताची पोती ती काय 😀

फिजिओ_लातूर
आथर्टनचं उदाहरण मीही पेशंटना देते, तरुण पोरांना लगेच पटतं. पण पोत्याचं सांगू नका हो दादा! पन्नास किलोचं पोतं वाकून उचलणं आणि झटका देणं हे दोन्ही त्याला नको, दोघांनी मिळून उचला किंवा हातगाडी ठेवा.

व्यायामावर जरा सविस्तर लिहिते कारण याच आजारात तो औषधाइतकाच आहे आणि लोक नेमका तोच सोडतात. मणका जुळायचाच असेल तर तो सरळ स्थितीत जुळावा, पुढं वाकलेल्या स्थितीत नाही, हा त्याचा मोठा हेतू. म्हणून सगळा भर पाठ मागं ताणण्यावर. भुजंगासन, शलभासन, मार्जारासन, खांदे मागं घेणं, मान सगळ्या दिशांना सावकाश वळवणं. रोज वीसएक मिनिटं नुसतं पालथं झोपायचं, सुरुवातीला जमत नसेल तर पाच मिनिटं. उशी पातळ, गादी घट्ट, खोलगट बाज बंद. दीर्घ श्वास घेऊन छाती फुगवायची, कारण फासळ्यांचे मागचे सांधेही आखडतात आणि श्वास उथळ होत जातो. सकाळी आधी कोमट पाण्यानं अंघोळ आणि मग व्यायाम केला तर बरंच सोपं जातं. टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं राहायचं, डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो का बघायचं. दर महिन्याला बघितलं तर आपलं आपल्यालाच कळतं की पाठ पुढं जायलीय का.

पोहणं सगळ्यात छान. आपल्याकडं मुलं विहिरीत पोहतात, पाणी असेल तोवर खुशाल पोहा, पण वरून सूर मारायचा नाही, मुटका तर नाहीच. जुळलेला मणका कडक असतो पण आतून ठिसूळ होतो, मानेला बसलेला छोटा मारही फ्रॅक्चर करू शकतो. त्याच कारणानं हाड बसवणाऱ्याकडं जाऊन मान-कंबर कडाकडा मोडून घेणं पूर्ण बंद. गाडीवरून पडून नवीनच वेगळं दुखायला लागलं तर नेहमीचंच असेल म्हणून घरी बसू नका, सीटी किंवा एमआरआय करून घ्या.

कंडक्टर_काका
पालथं झोपायचं मला पण सांगितलंय, पहिले चार-सहा दिवस लई जड जातं, मग त्याच्याशिवाय बरं वाटत नाही. ताई पुण्याला जाताना एकटाक बसू नका. बार्शीला, टेंभुर्णीला, इंदापूरला गाडी थांबली की उतरून चालायचं, नुसतं च्याला नाही, चालायला. कंडक्टरला सांगून ठेवायचं, आमचा माणूस ऐकतो.

शाळामास्तरीण
परभणीहून. सगळे भाऊ-दादा लिहायलेत म्हणून मी लिहिते, हा आजार बायकांना होत नाही असा समज डॉक्टरांतही आहे. माझी कंबर दुसऱ्या बाळंतपणाआधीपासून दुखत होती, सगळ्यांनी बाळंतपणावर घातलं. डिंकाचे लाडू झाले, शेक-शेगडी झाली, पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं म्हणून दुखतं असंही झालं. पहाटेचं दुखणं कुणी विचारलंच नाही. बायकांत एक्सरेवर फरक उशिरा आणि कमी दिसतो, म्हणून अजूनच हुकतं. चाळिशीच्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांवर चाललेलं, आरामानं वाढणारं आणि हालचालीनं कमी होणारं दुखणं असेल तर बाई असो की बाप्या, एकदा ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाला, दाखवा. आणि दिवस राहायचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, नॅप्रोक्सेनसारख्या गोळ्या गरोदरपणाच्या उत्तरार्धात चालत नाहीत, बाळाला त्रास होतो. त्या काळातही घेता येतील अशी औषधं आहेत.

अजून एक. एका उन्हाळ्यात माझा उजवा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, ठणका. शाळेत डोळ्यांची साथ होती म्हणून सगळे म्हणाले डोळे आलेत. पण चिपाडं नव्हती, नुसता ठणका आणि धूसर दिसणं. तो युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, होता. या आजारात चारातल्या एखाद्याला कधीतरी होतोच. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं आणि मला स्पॉन्डिलायटिस आहे हे सांगायचं. मेडिकलवरून थेंब आणून घालत बसायचं नाही, उशीर झाला तर नजर जाऊ शकते. भावाला हे पाठ करून ठेवायला सांगा ताई.

तेरणाकाठ
बाई, डोळ्याचं तर आम्हाला माहीतच नव्हतं. मागच्या वर्षी त्याचा एक डोळा असाच लाल झाला होता. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगते.

आता आईचा प्रश्न. त्याला स्थळं यायलीत. मामा म्हणतात हे कुणाला सांगायचं नाही, कंबरदुखी कुणाला नसते. आईला भीती की मुलांना पण होईल. भाऊ म्हणतो मी लग्नच करत नाही.

हुरडा_आणि_दही
मामांचं ऐका असं मी म्हणणार नाही, पण पहिल्याच भेटीत फाइल पुढं ठेवायची गरज नाही असं मला वाटतं. आपल्याकडं आजाराचं इंग्रजी नाव ऐकलं की समोरचे उठून जातात. आधी दोघांना एकमेकांना भेटू द्या.

शाळामास्तरीण
भेटू द्या, पण साखरपुड्याच्या आधी मुलीला स्वतःला स्पष्ट सांगा, तिच्या वडिलांना नव्हे. लपवून केलेल्या लग्नात पहिल्या पहाटेलाच तिला कळणार आहे की नवरा उठून फेऱ्या मारतोय. त्या मुलीच्या जागी मी असते तर आजाराचं नाही, लपवल्याचं वाईट वाटलं असतं. मामांना हे नक्की सांगा.

खामनदी
माझं लग्न निदानानंतर झालं, सगळं सांगून झालं. मुलांबद्दल: बी२७ हे जनुक आहे, त्याचा आणि या आजाराचा संबंध १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस अशा दोन ठिकाणी वेगवेगळ्या संशोधकांना सापडला. ते मुलाकडं जायची शक्यता निम्मी असते, पण जनुक असणाऱ्या बहुतेकांना आजार होत नाही. जवळच्या नात्यात आजार असेल तर शक्यता वाढते, तरीही बहुतेक मुलं ठणठणीत राहतात. त्रास नसताना लहान मुलांची ही तपासणी करूच नका, उगं घोर लागतो. आणि भावाला सांगा, दोन मुलींचा बाप हे लिहितोय.

त्याला तंबाखू-सिगारेट आहे का? सिगारेट-बिडीनं मणके जुळायचा वेग वाढतो आणि औषधाचा गुण कमी येतो. खाण्यात वातूळ-बिनवातूळ यापेक्षा हे मोठं. बाकी जेवण घरचं, ज्वारीची भाकरी, भाज्या, तीळ, वजन आटोक्यात. या आजारात हाडं ठिसूळ होतात म्हणून डी व्हिटॅमिन तपासून घ्या.

नांदेडची_सून
इंजेक्शनबद्दल कुणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते. माझे मिस्टर अॅडॅलिम्युमॅब नावाचं इंजेक्शन घेतात, दर दोन आठवड्यांनी, पोटावर किंवा मांडीवर कातडीखाली. दोन-तीन गोळ्या बदलून झाल्या होत्या, खुबा पण धरला होता, दुकानात उभं राहता येत नव्हतं. आम्ही हैदराबादला दाखवतो, नांदेडहून तेच सोयीचं पडतं. इंजेक्शन मीच देते, पहिल्या वेळी नर्सनं शिकवलं.

सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी होतेच आणि ती टाळू नका. ही इंजेक्शनं शरीरातला टीएनएफ नावाचा जो पदार्थ अडवतात तोच झोपलेल्या टीबीला दाबून ठेवत असतो. छातीचा एक्सरे, आणि मँटू किंवा रक्ताची इग्रा टेस्ट. यांची पॉझिटिव्ह आली, आजार नव्हता पण जंतू झोपलेला होता. आधी टीबी प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू केल्या, महिनाभरानं इंजेक्शन, आणि गोळ्यांचा कोर्स पुढं पूर्ण केला. त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कावीळ बी, सी आणि एचआयव्ही पण तपासतात. ताप, खोकला, फोड काही असेल तर त्या वेळचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारून पुढं ढकलायचं.

किंमत हा खरा डोंगर आहे. २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसनं अॅडॅलिम्युमॅबचं भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध, आणलं, तेव्हापासून भाव उतरत गेलेत आणि आता बऱ्याच कंपन्यांची आहेत, तरी महिन्याचा खर्च हजारांत जातोच. डॉक्टरांना सरळ विचारा की कंपनीची काही सवलत योजना आहे का, आम्हाला तशी मिळाली. काही जण बरं वाटल्यावर दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवतात, तेही डॉक्टर ठरवतात. आरोग्य विम्यात घरी घ्यायचं इंजेक्शन बऱ्याचदा बसत नाही, आधी पॉलिसी वाचा.

फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशात ठेवायचं, फ्रीजरमध्ये कधीच नाही, गोठलं की वाया. गावात लाइट जाते तेव्हा आम्ही बर्फाच्या थैल्या घातलेला डबा तयार ठेवतो, मधे टॉवेल घालून, इंजेक्शन थेट बर्फाला लागू द्यायचं नाही.

गोदाकाठचा
इंजेक्शन सुरू केलं की जन्मभर का?

नांदेडची_सून
बऱ्याच जणांना लांब घ्यावं लागतं, एकदम बंद केलं की काही महिन्यांत दुखणं परत येतं असं डॉक्टरांनी सांगितलं. एकानं काम नाही केलं तर दुसरी आहेत, सेक्युकिनुमॅब म्हणून वेगळ्या वाटेनं काम करणारं आहे, आता गोळ्या पण आल्यात, टोफासिटिनिब वगैरे. ज्यांना डोळ्याचा त्रास होऊन गेलाय त्यांना कुठलं द्यायचं हे डॉक्टर त्यावरूनही ठरवतात, म्हणून ताई डोळ्याचं नक्की सांगा.

तेरणाकाठ
सगळं वाचून भावाला बसवून समजावलं. गोळी परत सुरू केलीय आणि काल लातूरला क्रिएटिनिन, लघवी तपासली, दोन्ही नॉर्मल. बीपी पण बरोबर. आत्यालाही रिपोर्ट दाखवला, आता तीच त्याला जेवल्यावर गोळीची आठवण करून द्यायलीय. सिगारेट नाही, गुटखा होता, तो सोडतो म्हणालाय. पालथं झोपणं सुरू झालंय. पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचंय. एकच राहिलं, आता एप्रिल-मेच्या उन्हात शेतात जाताना गोळीचं काही वेगळं बघावं लागतं का?

खामनदी
हो, हे बरं विचारलंत. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीला रक्त कमी पोचतं आणि त्यात ही गोळी, असं दोन्हीकडून पडतं. त्यामुळं उन्हात जाताना पाणी सोबत, काम सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. जुलाब-उलट्या लागल्या, ऊन लागलं, ताप आला, लघवी गडद आणि कमी झाली तर तेवढे दिवस गोळी थांबवायची का हे फोन करून विचारायचं. पुढं कधी बीपीची गोळी सुरू झाली तर नॅप्रोक्सेन चालू आहे हे त्या डॉक्टरलाही सांगायचं, काही बीपीच्या गोळ्या आणि ही एकत्र किडनीवर जड पडतात.

पुण्याच्या डॉक्टरांना एवढं विचारून या: पुढच्या तपासण्या लातूरला करून रिपोर्ट फोनवर दाखवले तर चालतील का, आणि प्रत्यक्ष कधी यायचं. बरेच डॉक्टर आता तसं करतात, म्हणजे दर वेळी पुणं नको.

फिजिओ_लातूर
आणि एमआरआयची सीडी पण सोबत न्या ताई, नुसता छापील रिपोर्ट नको. डोळा लाल झाला होता तेव्हाचा चिठ्ठी-कागद घरात असेल तर तोही त्याच फाइलला लावा.

तेरणाकाठ
सीडी पिशवीत ठेवली. डोळ्याचा कागद शोधायलेय, आल्यावर काय सांगितलं ते इथंच लिहिते.